पूर्वेच्या भिंतीची पेज

७ नोव्हेंबर १९९६, गुरुवार

ही डायरी दूधसंघाने जानेवारीत वाटली. आजपर्यंत कोरी होती.

दुपारी पाळक शांतवन आले. इंदापूरच्या अलीकडे ओढ्याकाठी जुनं चर्च आहे, तिथले. त्यांची मुलगी बारामतीत होस्टेलला राहते, माझ्या चित्रकलेच्या वर्गात आहे. बसायच्या आधीच त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. आत चुन्याची एक खपली. खपलीच्या आतल्या अंगाला तपकिरी डाग.

"हा रंग आहे की गंज, एवढंच सांगा, मॅडम."

नखाने दाबून पाहिलं. तेलरंग आहे.

त्यांनी सांगितलं ते असं. चर्चला यंदा शंभर वर्षं झाली. वेदीमागची पूर्वेची भिंत चुना धरत नाही. दर नाताळाआधी रंगवतात, होळीपर्यंत खपल्या निघतात. कमिटीने ठरवलं की यंदा गिलावा खरवडून सिमेंट करायचं. पंचवीस तारखेला, सोमवारी, माणसं येणार. आणि परवा एक खपली पडली तिथे माणसाचं बोट दिसलं.

"बोट?"

"मला तसं वाटलं. म्हणून आलो. तुम्ही पाहून सांगा."

मी म्हटलं, मी बौद्ध आहे, तुमच्या लोकांना चालेल का. ते म्हणाले, "भिंतीला काही फरक पडणार नाही."

तात्या, माझे वडील, आतल्या खाटेवर पडून ऐकत होते. पाळक गेल्यावर विचारलं, "कुठली भिंत?" पूर्वेची, म्हटलं. त्यांनी कूस बदलली.

९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळच्या एसटीने गेले. चर्च लहान आहे. काळ्या दगडाचं, वर कौलं, पश्चिमेला दार. दारातून आत गेल्यावर एक पायरी खाली आहे. उन्हातून आल्यावर ती दिसत नाही. मी अडखळून गुडघ्यावर पडले.

"सगळीच पडत्यात हितं," आतून आवाज आला. "देवाम्होरं पडायचंच असतंय. तुमी जरा लवकर पडला."

सारजाबाई. सत्तरीच्या. झाडलोट करतात, घंटा वाजवतात. मला उठवलं, गुडघ्याला हळद आणून लावली.

आत काही नाही. चार पांढऱ्या भिंती, लाकडी क्रूस, बाकं. पाळकांनी इतिहास सांगितला. बांधलं ते एका इंग्रजी मिशनने. त्यांना मेणबत्त्या, चित्रं, धूप, सगळं चालायचं. चौतीस साली ते गेले आणि ही मंडळी दुसऱ्या मिशनकडे सोपवली. त्यांचं म्हणणं, उपासनेच्या जागी बायबलच्या वचनाशिवाय काही नको. सत्तर साली सगळ्या मंडळ्या एकत्र झाल्या, पण भिंती पांढऱ्याच राहिल्या. "आम्हाला पांढऱ्याची सवय झाली," म्हणाले.

शिडीवर चढले. बोट आहे. शेजारी दुसरं बोट, पहिल्याला जोडून. उत्तम काढलेलं आहे. रंग आमच्याकडच्या कातडीचा.

कमिटीचे सेक्रेटरी आप्पा येऊन गेले. पिंपळीला त्यांची गोठे बांधायची मोठी कामं आहेत, घाईत होते. भिंतीकडे पाहिलं नाही. "चोवीस तारखेला, रविवारी, उपासनेनंतर बैठक हाय. तवर काय दाखवायचं ते दाखवा. सोमवारी सिमेंट."

निघताना सारजाबाईंनी विचारलं, "तुमी कुणाच्या?" तात्यांचं नाव सांगितलं. गंगाराम, कालव्याच्या खात्यात होते, आता रिटायर होऊन बारामतीत. सारजाबाईंनी मला एक पेरू दिला. मग आत जाऊन आणखी एक आणला. "ह्यो वडलांना द्या."

गावची माणसं अशीच असतात. ओळख ना पाळख.

तात्यांना दात नाहीत. त्यांनी पेरू उशाशी ठेवला.

जेवताना सांगितलं की बोटं आहेत, जोडलेली. बहुधा प्रार्थनेचे हात. किंवा आशीर्वादाचा.

"ओंजळ असेल," तात्या म्हणाले.

"कशावरून?"

"आशीर्वादाचा हात उघडा असतो."

बरोबर आहे. हे मला सुचायला हवं होतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज चूक केली. जशी झाली तशी लिहून ठेवते.

ब्लेडने थर काढत होते. चुना तीन-चार थरांचा असेल असं धरून चालले होते. तो साठेक थरांचा आहे. पातं घसरलं आणि अंगठ्याचं नख निघून आलं. चित्रातलं. साठ वर्षं चुन्याखाली शाबूत राहिलेलं नख मी दोन सेकंदांत काढलं.

पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, "पंचवीस तारखेला सगळाच हात जाणार होता."

हे क्षमा करणं आहे की हिशोब, कळलं नाही. तरी बरं वाटलं.

शिडी दिवसभर भिंतीला टेकलेली राहिली. मी वर गेले नाही. अजून बारा दिवस आणि मी घाबरले आहे. आर्ट टीचर डिप्लोमा झाला, बावीस वर्षं मुलांकडून फुलदाण्या काढून घेतल्या. भिंतीचं मला काही कळत नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

फारुक आला. चर्च रंगवण्याचं काम त्याच्या घराकडे तीन पिढ्यांपासून आहे. यंदा पूर्वेची भिंत सिमेंटवाल्याकडे गेली हे त्याला आप्पांनी कळवलं होतं, तो पाहायला आला. मागे हात बांधून उभा राहिला.

सारजाबाई म्हणाल्या, "या. चुना लावणारे आले."

"लावा, मावशी, बोल लावा. तेवढंच ऱ्हायलंय."

गावात याची थट्टा चालते. कुठलंही कच्चं काम झालं की म्हणतात, फारुकची पूर्वेची भिंत. त्याने ब्लेड पाहिलं आणि माझ्या हातातून काढून घेतलं.

"बाई, ह्ये काय करताय? ह्ये पेजेवरचं काम हाय. कोरडं निघायचं न्हाय."

"कसलं काम?"

त्याला आश्चर्य वाटलं की मला माहीत नाही. बाकीच्या तीन भिंतींना चुन्यात डिंक आणि मीठ घालतात, म्हणजे तो धरतो. पूर्वेच्या भिंतीला डिंक नाही, मीठ नाही. आधी तांदळाच्या पेजेचा एक हात, मग साधा चुना. दरवर्षी. त्याच्या आजाने, इमामभाईने, घालून दिलेली रीत.

"का?"

"देवाची भिंत. तिला अन्नाचा हात द्यायचा. आजा म्हनायचा, ती भिंत उपाशी ठिवायची न्हाय."

"आणि म्हणून चुना पडतो."

"पडतोय की. म्हनून काय रीत मोडायची?"

सारजाबाईंच्या चुलीवरून त्याने परातभर गरम पाणी आणि फडकी आणली. ओलं फडकं भिंतीवर दाबून धरलं, वीसपर्यंत आकडे मोजले. खालची पेज फुगली. चुना पापडासारखा हातात आला, एकदम दहा-बारा थर. एका थरात नीळ जास्त पडलेली. फारुक म्हणाला, "ही बापाची. त्याला निळीचा अंदाज नव्हता."

खाली चित्र कोरडं, चकचकीत.

एका भिंतीसाठी एवढी आठवण कोणी ठेवली असेल. मी फारुकला तसं म्हटलं नाही. चहा पाजला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

तात्यांनी न मागता धोतर फाडून फडकी करून दिली. मऊ सूत लागतं, म्हणाले. धोतर चांगलं होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

उपासना असल्याने काम नाही. पाळकांनी जुनं रजिस्टर दाखवलं. चौतीस सालची एकच ओळ: "पूर्वेकडील भिंतीवरील चित्र झाकिले. इमामभाई याने." पुसले, खरवडले असं लिहिलेलं नाही. झाकिले.

चित्र कोणी काढलं ते कुठेच नाही.

पाळक म्हणाले, नव्या मिशनच्या साहेबाने भिंत खरवडायला सांगितली असणार, हे लोकच काहीतरी वेगळं ठरवून बसले असतील. तसं असावं असं मलाही वाटतं. वाटण्याला पुरावा नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

तात्यांचं खरं निघालं. ओंजळ आहे.

एक माणूस विहिरीच्या कठड्यापाशी खाली बसला आहे. धुळीने भरलेले पाय. ओंजळ तोंडाशी धरलेली. वर एक बाई उभी. नऊवारी लुगडं, कासोटा, दंडावर गोंदण. घागर तिरकी करून ती वरून पाणी घालते आहे. विहीर आमच्याकडची, मोट ओढायच्या धावेसकट. मागे बाभळी.

पाळकांनी बायबलातली गोष्ट सांगितली. परक्या जातीच्या बाईकडे ख्रिस्त पाणी मागतो. ती म्हणते, तू माझ्याकडे कसं मागतोस.

मी शिडीवर बसून राहिले. वरून, भांडं न टेकवता, ओंजळीत पाणी घालायचं ते कोणाला, हे मला शिकवायला नको. माझ्या आजीला शेवटपर्यंत पेल्याने पाणी पिताना बावरल्यासारखं व्हायचं. ज्याने हे काढलं त्याने देवाला आमच्या जागी बसवलं आहे.

फारुक खाली परात धरून उभा होता. म्हणाला, "ह्यावर आमी साठ वर्षं चुना मारला व्हय?"

"साठ वर्षं राखलंत," मी म्हटलं.

त्याने परात खाली ठेवली, बाहेर गेला, तोंड धुऊन आला.

तात्यांना घरी आल्यावर सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "घागरीला चीर आहे का?"

मी तेवढं पाहिलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

घागरीच्या गळ्यापासून खाली एक बारीक रेघ आहे. मला आधी ती भिंतीची भेग वाटली. रंगवलेली आहे. चित्रकाराने चिरलेली घागर काढली.

जुन्या घागरींना चीर असायचीच, तात्यांना ते माहीत असणार. त्यांच्याशी चित्राबद्दल बोलायला आता मजा येते. आई गेल्यापासून आम्ही इतकं बोललो नव्हतो. या भिंतीचे उपकार.

म्हणाले, रविवारी मीही येतो. मी म्हटलं, जानेवारीत मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे, मग नीट दिसेल. "आधीच बघतो," म्हणाले.

२४ नोव्हेंबर, रविवार

सगळं लिहायला हवं.

दारात मी तात्यांचा हात धरायला मागे वळले. तोवर ते आत गेले होते. पायरीवर अडखळले नाहीत. या वयात पाऊल पक्कं आहे, मला बरं वाटलं. डाव्या बाजूला, भिंतीलगत, सगळ्यात मागे जाऊन बसले.

उपासना झाली. लोक चित्राकडे पाहत होते आणि पाहत नसल्यासारखं दाखवत होते. मग बैठक. फारुक दाराशी उभा.

आप्पा उठले. "चित्र चांगलं हाय, मी न्हाय म्हनत न्हाय. पन आपल्या बापजाद्यांनी ते झाकलं. ते काय येडे व्हते? आपन वचनाची मानसं. उद्या म्हनतील, चर्चमदी पानवठा काढलाय."

पाळकांनी रजिस्टरमधली ओळ वाचली. मग फारुकची रीत सांगितली. पेज, बिनडिंकाचा चुना. त्यामुळे चित्र वाचलं, म्हणाले. त्यांना वाटलं यानं काम होईल. झालं उलटं.

आप्पा फारुककडे वळले. "म्हंजी साठ वर्षं तुमी आमची भिंत मुद्दाम कच्ची ठिवली. आमी म्हनायचो, ओल हाय, खार हाय. आन ही तुमची करनी."

फारुक म्हणाला, "मला आजानं सांगितलं तसं केलं, आप्पा. चित्राचं मला म्हाईत न्हवतं. अल्लाची आन."

"इमामभाईला म्हाईत व्हतं. मंडळीला फसिवलं."

मागून कोणी तरी म्हणालं, काम काढून घ्या त्याचं. तिन्ही भिंतींचं. पेजेची गोष्ट पाळकांना मीच खुलवून सांगितली होती. चित्र वाचवायला गेले आणि ज्याने ते वाचवलं त्याचीच रीत जायची वेळ आणली. बोलायला उठले आणि परत बसले. मी मंडळीतली नाही.

सारजाबाई उठल्या. घंटेचा दोर सोडून पुढे आल्या.

"आप्पा, पेजेला तांदूळ कुठनं यायचा?"

"मला काय म्हाईत."

"इमामभाईच्या घरात जुंधळ्याची भाकर व्हती. तांदूळ कुठला? नाताळाआदी दर घरातनं बाया पसाभर तांदूळ काढून ठिवायच्या. पूर्वेचा पसा. माज्या आयनं दिला, मी दिला, माजी सून देती. इचार तिला."

बायकांच्या बाजूला हालचाल झाली. एक म्हणाली, "आमी बी देतो. धुपारतीला असल म्हनून देतो."

"आपल्यात धुपारती असती व्हय गं?" सारजाबाई म्हणाल्या. कोणी तरी हसलं.

आप्पांनी विचारलं, "माजी आय?"

"तुजी आय दोन पसं द्यायची. म्हनायची, तिची घागर भरल्याली ऱ्हाऊ द्या."

आप्पा खाली बसले.

पाळकांनी विचारलं, "सारजाबाई, म्हणजे तुम्हाला खाली चित्र आहे हे माहीत होतं?"

"झाकलं तवा मी आठ वर्साची. मिशनच्या शाळंची आमी चार-दोन पोरं हितंच बसलेलो, इमामभाई पेज लावत व्हता तवा. आमी रडलो. तो म्हनला, रडू नगा, पांघरून घालतोय."

"मग साठ वर्षं सांगितलं का नाही?"

"कुनी इचारलं?"

त्या हे बोलताना मागच्या बाकाकडे पाहत होत्या. मागे तात्या होते आणि त्यांच्यामागे दार. कोणी येतंय का पाहत असाव्यात, घंटेची जबाबदारी त्यांची.

हात वर करून मत घेतलं नाही. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "झाकनारं बी आपुनच, राखनारं बी आपुनच. मग सिमेंट कुनाच्या जिवावर मारायचं?" आणि म्हणाले, "त्यो मानूस उद्या येनारच हाय. त्येला पायरी भरून द्यायला सांगा. लोकं पडत्यात."

"पायरीला हात लावू नका," सारजाबाई म्हणाल्या.

फारुक दाराशी खाली बसला होता. मी त्याच्याकडे गेले तर म्हणाला, "बाई, थोडं पानी द्या."

निघण्याआधी तात्या वेदीपाशी जाऊन, मान वर करून, चित्र जवळून पाहून आले; एसटीत खिडकीशी बसले. मी विचारलं, कसं वाटलं. म्हणाले, "नख गेलं आहे अंगठ्याचं." मी म्हटलं, माझ्याकडून गेलं, रंगवून टाकू का. "राहू दे," म्हणाले. "काम करणाऱ्याचं नख जातंच."

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी विहारात वंदना. तात्या पांढऱ्या कपड्यांत पहिल्या ओळीत. दरवर्षी असतात. आमच्याकडे छपन्नच्या आधीचं कोणी बोलत नाही. घराचं वय तिथून मोजतात, आणि मला ते बरोबर वाटतं.

आज मेणबत्ती लावताना त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते. मोठ्याने नव्हते बोलत. कोणाचे तरी आभार मानत असावेत.

मीही मानले. यादी मोठी निघाली.

२१ डिसेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर इंदापूरला गेले. तात्या म्हणाले, मलाही घे. फारुक तीन भिंती रंगवत होता, डिंक आणि मीठ घालून. चित्राच्या पायाशी त्याने चुन्याची पट्टी अशी ओढली आहे की एक थेंब वर गेलेला नाही.

आप्पा बाकं बाहेर काढत होते. फारुकला म्हणाले, "डिंक घाल नीट. न्हाय तर ह्याच्याखाली बी कायतर निघंल."

"निघालं तर बाईंना बोलवा," फारुक म्हणाला.

दुपारी तो कोपऱ्यातल्या पातेल्यापाशी गेला आणि थांबला. सवयीने पहाटेच पेज शिजवून आणली होती. बायकांनीही तांदूळ सवयीने दिला होता. पेज लावायची भिंत मात्र आता उरली नाही. तो पातेल्याकडे पाहत राहिला. ओतून द्यावं तर अन्न.

आप्पा म्हणाले, "आता काय, आमालाच लाव."

सारजाबाईंनी पेले आणले. चुलीवर पातेलं गरम केलं. आम्ही पायरीवर, दारात, जागा मिळेल तिथे बसलो. फारुक, आप्पा, पाळक, मी. समोर ती बाई घागर तिरकी करून उभी. दुपारचं ऊन पश्चिमेच्या दारातून तिच्या पायांपर्यंत गेलं होतं.

सारजाबाईंनी पहिला पेला तात्यांच्या हातात दिला. बोटांवर बोटं येईपर्यंत धरून ठेवला, मग सोडला. तात्यांना कमी दिसतं हे त्यांनी ओळखलं असावं.

तात्यांनी एक घोट घेतला.

"मीठ नाही, सारजे."

"भिंतीच्या पेजंत मीठ नसतंय, तात्या," फारुक म्हणाला.

सारजाबाई उठल्या. "आनते," म्हणाल्या, आणि मीठ आणायला गेल्या.

पेज छान होती. मी दोन पेले घेतले. तात्यांची आणि सारजाबाईंची ओळख करून द्यायची राहून गेली, हे मला परतीच्या एसटीत आठवलं.